सुट्टीच्या पगारातला फरक कसा काढायचा? (न्यूझीलंड)

पारिजातक | ९ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ऑकलंडला एका रेस्ट होममध्ये (वृद्धाश्रमात) केअरगिव्हर आहे, सप्टेंबर २०२२ पासून. करारात आठवड्याला २४ तास लिहिलेत: गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दुपारी ३ ते रात्री ११. प्रत्यक्षात २४ वर कधीच भागत नाही. सोमवारी कुणी आजारी, रविवारी कुणाच्या मुलाचा सामना, की आलाच मॅनेजरचा मेसेज. सरासरी ३५ तास होतात. कामाचे पैसे वेळेवर मिळतात, तिथे तक्रार नाही.

गेल्या डिसेंबरात धाकट्या भावाच्या लग्नाला कराडला गेले होते, तीन आठवडे. परत आल्यावर पे स्लिप बघितली तर त्या तीन आठवड्यांची एकच ओळ: 'वार्षिक रजा ७२ तास, दर २६ डॉलर, एकूण १८७२'. तेव्हा वाटलं, २४ त्रिक ७२, बरोबरच आहे. लग्नाच्या गडबडीतून आलेली, अंगात जेट लॅग, कोण हिशोब करत बसतंय.

परवा चहाच्या सुट्टीत एक सामोअन सहकारी म्हणाली, "तू वर्षभर ३५ तास करतेस ना? मग सुट्टीवर गेल्यावर तुझा पगार २४ तासांचा कसा होतो?" तेव्हापासून डोक्यात भुंगा. नवरा म्हणतो, आपल्याकडेही रजेच्या पगारात ओव्हरटाइम धरत नाहीत, उगाच वाद नको, आपला रेसिडेन्सीचा अर्ज चालू आहे.

कुणाला नक्की माहीत आहे का? आणि फरक निघत असेल तर मागायचा कसा?

चिंचवडचे_काका | ९ ऑगस्ट, रात्री १०.१५

पोरी, तुझा नवरा चुकीचं बोलत नाहीये, फक्त देश चुकतोय त्याचा. मी ३१ वर्षं टाइम ऑफिसला काढली. माझ्या वेळी आपल्याकडे कारखाने अधिनियम १९४८ होता, कलम ७९: वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा. आणि कलम ८० म्हणायचं, रजेचा पगार हा रजेआधीच्या महिन्याच्या रोजच्या सरासरी कमाईवर, महागाई भत्ता धरून, पण ओव्हरटाइम आणि बोनस वगळून. म्हणून आपल्या डोक्यात ते घट्ट बसलेलं असतं. माझ्याकडे कामगार भांडायला यायचे, "साहेब, गेल्या महिन्यात एवढा ओटी मारला आणि पीएलचा पगार एवढासाच?" मी कलम काढून दाखवायचो.

तिकडचा नियम मला ठाऊक नाही. जाणकार सांगतीलच. पण इकडचा नियम तिकडे लावू नकोस एवढं खरं.

हिशोबनीस | १० ऑगस्ट, सकाळी ७.०५

पारिजातक, मी वेलिंग्टनला पेरोलमध्ये, म्हणजे पगारखात्यात आहे, ११ वर्षं झाली. तुझी सहकारी बरोबर बोलली.

इथला सुट्ट्यांचा कायदा २००३ चा, हॉलिडेज ॲक्ट. त्यात रजेच्या आठवड्याचा पगार दोन पद्धतींनी काढायचा आणि जो जास्त असेल तो द्यायचा.

पहिली रक्कम म्हणजे 'ऑर्डिनरी वीकली पे', तू रजेवर जातेस त्या वेळी तुझ्या नेहमीच्या आठवड्याचा पगार. दुसरी 'ॲव्हरेज वीकली अर्निंग्ज'. रजेआधी संपलेल्या शेवटच्या पगार-कालावधीपासून मागे १२ महिने मोजायचे, त्यातली सगळी ढोबळ (कर कापण्याआधीची) कमाई घ्यायची, ५२ ने भागायचं. या ढोबळ कमाईत जादा पाळ्या येतात, ओव्हरटाइम येतो, भत्ते येतात, सार्वजनिक सुट्टीला केलेल्या कामाचे दीडपट पैसे येतात, आधी घेतलेल्या रजेचा पगारसुद्धा येतो. येत नाही ते म्हणजे खर्चाची भरपाई (गाडीचं पेट्रोल वगैरे) आणि मालकाने पूर्णपणे स्वखुशीने दिलेलं बक्षीस.

तुमच्या पेरोलवाल्यांनी बहुधा पहिल्या पद्धतीत करारातले २४ तास टाकले आणि दुसरी पद्धत केलीच नाही. रजा तासांत साठवली की हे हमखास होतं. कायद्यात हक्क आठवड्यांचा आहे, वर्षाला ४ आठवडे. तुझा आठवडा खरा किती तासांचा हे बघायला हवं, करारात किती लिहिलाय एवढ्यावर थांबून चालत नाही.

आता हिशोब कर. एक सापळा सांगून ठेवते: पे स्लिपवर खाली 'वर्षारंभापासून एकूण' असा आकडा असतो तो घेऊ नकोस. तो १ एप्रिलपासून मोजलेला असतो, करवर्षाचा. तुला रजेआधीचे १२ महिने हवेत. पगार पंधरवड्याने होत असेल तर २६ स्लिपा काढ आणि बेरीज मार.

फुकटचा_सल्ला | १० ऑगस्ट, सकाळी ११.३०

डॉलरमध्ये कमावता, विमानाने लग्नाला येता, आणि तरी चार पैशांसाठी मालकाशी भांडण. इथे आमच्याकडे पीएफ भरत नाहीत लोक.

चिंचवडचे_काका | १० ऑगस्ट, दुपारी १२.००

@फुकटचा_सल्ला, पीएफ भरत नसतील तर त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो मदतीला. हा धागा त्या मुलीचा आहे.

पारिजातक | १० ऑगस्ट, रात्री ११.२०

सगळ्यांचे आभार. काका, तुम्हाला विशेष.

आज मुलाला झोपवून सगळ्या स्लिपा काढल्या. ईमेलमध्ये 'पे' शोधलं तर २०२२ पासूनच्या सगळ्या सापडल्या, फक्त दोन नव्हत्या, त्या पेरोलच्या पोर्टलवर मिळाल्या. वहीत एका बाजूला तारीख, एका बाजूला ढोबळ रक्कम. नवरा आधी टीव्ही बघत होता, तिसऱ्या पानावर तोही येऊन बसला आणि कॅल्क्युलेटर त्याने घेतला.

तर असं निघालं. डिसेंबर २०२४ च्या रजेआधीच्या १२ महिन्यांची बेरीज ४९,१९२ डॉलर. भागिले ५२, म्हणजे आठवड्याला ९४६. मला मिळाले ६२४ (२४ × २६). दर आठवड्याला ३२२ चा फरक. तीन आठवड्यांचे ९६६!

मी दोनदा केलं. हे खरंच असंय?

हिशोबनीस | ११ ऑगस्ट, सकाळी ६.५०

पद्धत बरोबर आहे. पण ९६६ लिहून पत्र पाठवू नकोस, तुझा आकडा चुकलाय. आणि गंमत म्हणजे चुकलाय तुझ्याच फायद्याची एक गोष्ट सुटल्यामुळे.

रजेच्या नेमक्या तारखा सांग.

पारिजातक | ११ ऑगस्ट, दुपारी २.१०

सोमवार १६ डिसेंबर ते रविवार ५ जानेवारी.

हिशोबनीस | ११ ऑगस्ट, रात्री ८.३०

मला वाटलंच. तुझे ठरलेले वार गुरुवार-शुक्रवार-शनिवार. त्या तीन आठवड्यांत २६ डिसेंबर आणि २ जानेवारी दोन्ही गुरुवारी आले. बॉक्सिंग डे आणि नववर्षाचा दुसरा दिवस, दोन्ही इथल्या सार्वजनिक सुट्ट्या. वार्षिक रजेच्या मधे सार्वजनिक सुट्टी आली आणि तो तुझा एरवी कामाचा वार असेल, तर तो दिवस रजेतून कापताच येत नाही. त्या दिवसाचा पगार सार्वजनिक सुट्टी म्हणून वेगळा द्यायचा, त्या दिवशी काम केलं असतं तर जेवढे मिळाले असते तेवढा. (२५ डिसेंबर आणि १ जानेवारी बुधवारी होते, ते तुझे वार नाहीत, सोडून दे.)

म्हणजे ९ पाळ्यांपैकी ७ रजेच्या, २ सुट्टीच्या.

रजा: ९४६ ला ३ ने भागलं की दिवसाचे ३१५.३३. गुणिले ७ = २२०७.३३
सार्वजनिक सुट्टी: ८ तास × २६ = २०८. दोन दिवसांचे ४१६
एकूण व्हायला हवे होते २६२३.३३
मिळाले १८७२
फरक ७५१.३३, आणि शिवाय १६ तासांची रजा परत तुझ्या खात्यात.

रोख कमी झाली म्हणून हिरमुसू नकोस. ते दोन दिवस पुढे वापरशील तेव्हा प्रत्येकी तीनशेच्या वर जातील. तुझा खरा आठवडा तीन दिवसांचा की साडेचार, यावरून दिवसाच्या दरावर वाद घालता येतो, पण तिथे अडून बसू नकोस. पत्रात नऊपैकी दोन हाच हिशोब दे, तो त्यांना खोडता येणार नाही.

बाकीच्या रजाही अशाच तपास. फक्त शेवटची बघून थांबू नकोस.

लीड्सवासी | १२ ऑगस्ट, पहाटे ३.४०

आम्ही यूकेत हाच प्रकार भोगलाय. पण इथल्या मुदती भयंकर आहेत, ट्रिब्युनलला जायचं तर ३ महिने वजा १ दिवस. पारिजातक, लगेच हालचाल कर, मुदत संपेल.

हिशोबनीस | १२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

@लीड्सवासी, न्यूझीलंडला पगाराच्या थकबाकीसाठी ६ वर्षं आहेत. इथले लोक ९० दिवस म्हणून घाबरवतात, ती मुदत 'पर्सनल ग्रीव्हन्स'ची आहे, म्हणजे अन्यायाने काढून टाकलं, छळ केला वगैरे. पगाराचा फरक वेगळा. मालकानेही रजेच्या नोंदी ६ वर्षं जपायच्या असतात.

पण या धाग्यावर कुणी यूकेचं वाचत असेल तर त्याने तुमचं ऐकावं, माझं नाही.

तवा_आणि_मी | १२ ऑगस्ट, रात्री १०.५०

धाग्यात घुसतोय, माफ करा. हॅमिल्टनला एका टेकअवेमध्ये स्वयंपाकी आहे, दोन वर्षं तीन महिने झाले. आठवड्याला ४० तास, ठरलेले वार. माझ्या स्लिपवर दर आठवड्याला '८ टक्के हॉलिडे पे' अशी ओळ येते. मालक म्हणतो, तुझी सुट्टी तुला रोजच्या रोज मिळतेय, त्यामुळे रजा घेतलीस तर बिनपगारी. दोन वर्षांत एक दिवस भरपगारी सुट्टी नाही. तोही आपलाच माणूस आहे, गुजराती आहे, चांगला आहे, अडचणीला पैसेही दिलेत त्याने. हे बरोबर आहे का चूक?

हिशोबनीस | १३ ऑगस्ट, सकाळी ६.४०

चूक. आणि तुझी केस पारिजातकपेक्षा मोठी आहे.

८ टक्के पगाराबरोबर देणं फक्त दोन ठिकाणी चालतं. एक, १२ महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा ठरावीक करार. दोन, काम इतकं तुटक आणि अनियमित की ४ आठवडे रजा देणं व्यवहारात जमतच नाही. त्यातही करारात तसं मान्य केलेलं हवं आणि स्लिपवर ती रक्कम वेगळी दिसायला हवी. ४० तास, ठरलेले वार, कायम नोकरी? तू यात कुठेच बसत नाहीस.

आणि पुढचं नीट वाच. चुकीच्या पद्धतीने ८ टक्के देत राहिला आणि नोकरी १२ महिन्यांच्या पुढे गेली, तर ते पैसे दिलेले असूनही तुला रजेचा पूर्ण हक्क मिळतो. दोन वर्षं भरली म्हणजे ८ आठवडे. दिलेले ८ टक्के वळते करून घेता येत नाहीत. कायद्यातच लिहिलंय, कलम २८.

मालक चांगला आहे हे मान्य. बऱ्याच छोट्या धंदेवाल्यांना हे खरंच माहीत नसतं. आधी कलमाचा आकडा सांगून शांतपणे बोल.

तवा_आणि_मी | १३ ऑगस्ट, दुपारी ३.३०

आठ आठवडे!! मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. माझा व्हिसा याच मालकावर आहे. बोललो आणि त्याने काढलं तर?

हिशोबनीस | १३ ऑगस्ट, रात्री ९.००

भीती खोटी नाही. म्हणून बोलण्याआधी तीन गोष्टी कर. सगळ्या स्लिपा, करार, रोस्टरचे फोटो फोनमधून काढून स्वतःच्या ईमेलवर पाठव. तुझ्या गावातल्या सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोत किंवा कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये जाऊन ये, फुकट आहे. आणि हे माहीत असू दे की मालक पिळवणूक करतोय हे रोजगार मंत्रालयाला पटलं, तर 'मायग्रंट एक्स्प्लॉइटेशन प्रोटेक्शन' नावाचा व्हिसा असतो, त्यावर तो मालक सोडून दुसरीकडे काम करता येतं. तो मिळेलच असं मी म्हणत नाही, पण दार आहे.

तुझा वेगळा धागा काढ, इथे पारिजातकचं राहून जाईल.

पारिजातक | १६ ऑगस्ट, रात्री १०.०५

नाही नाही, इथेच विचारा हो दादा, मलाही शिकायला मिळतंय.

बाकीच्या रजा तपासल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन आठवडे, ८ ते २१. तेव्हा दर २५ होता. मिळाले आठवड्याला ६००, सरासरी निघाली ८८० (४५,७६० भागिले ५२). फरक ५६०. मधे सार्वजनिक सुट्टी नाही, ऑकलंड ॲनिव्हर्सरी २९ ला होती. दुसरी रजा या जुलैत एक आठवडा, मुलाच्या शाळेला सुट्टी होती तेव्हा. सरासरी ९७३, मिळाले ६२४, फरक ३४९.

५६० + ७५१.३३ + ३४९ = १६६०.३३

आता अजून एक विचारायचंय. मी सार्वजनिक सुट्टीला काम केलं की दीडपट देतात. तेवढंच ना? का त्याशिवाय काही असतं?

हिशोबनीस | १७ ऑगस्ट, सकाळी ८.२०

असतं. तो दिवस तुझा एरवी कामाचा वार असेल तर दीडपट आणि एक पूर्ण दिवस बदली सुट्टी, 'अल्टरनेटिव्ह हॉलिडे'. इथे सगळे 'ल्यू डे' म्हणतात. दोन तास काम केलं तरी पूर्ण दिवस मिळतो. तुझे वार गुरुवार-शुक्रवार आहेत म्हणजे गुड फ्रायडे दरवर्षी तुझ्या वाट्याला, मातारिकी पण शुक्रवारीच असते. स्लिपवर 'अल्टरनेटिव्ह' शिल्लक किती दिसते?

चिंचवडचे_काका | १७ ऑगस्ट, सकाळी ९.००

याला आमच्याकडे सी-ऑफ म्हणतात. आणि ते रजिस्टरला चढवायला विसरणं हा सगळीकडचा रोग आहे!

पारिजातक | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

स्लिपवर १ दिसतो. फक्त १.

माझ्या डायरीप्रमाणे २०२४ ला गुड फ्रायडे, अँझॅक डे (२५ एप्रिल, गुरुवार होता) आणि मातारिकी (२८ जून). २०२५ ला वायतांगी डे (६ फेब्रुवारी, गुरुवार), गुड फ्रायडे, अँझॅक डे (शुक्रवार) आणि मातारिकी (२० जून). सात झाले. त्यातला शेवटचा चढलाय, कारण मे महिन्यात पेरोलचं सॉफ्टवेअर बदललं. म्हणजे ६ गेले कुठे?

२०२३ चं मी धरत नाहीये, तेव्हा माझे वार ठरलेले नव्हते.

हिशोबनीस | १७ ऑगस्ट, रात्री ९.३०

आता पत्र. फोनवर किंवा मॅनेजरशी जिन्यात उभ्याउभ्या बोलू नकोस. दोन पायऱ्या कर.

पहिलं ईमेल फक्त नोंदी मागणारं. "सप्टेंबर २०२२ पासूनच्या माझ्या हॉलिडे अँड लीव्ह रेकॉर्डची आणि वेतन व वेळेच्या नोंदीची प्रत कृपया द्यावी." बस्स. कारण सांगायची गरज नाही. कायद्याने मागणं हा तुझा हक्क आहे आणि देणं त्यांना भाग आहे. नोंदी नीट ठेवलेल्या नसल्या तर पुढे वाद झाल्यास तुझ्या डायरीलाच वजन येतं, म्हणून ती डायरी जपून ठेव.

दुसरं, नोंदी हातात आल्यावर तुझा तक्ता. प्रत्येक रजेची एक ओळ: तारखा, १२ महिन्यांची ढोबळ कमाई, भागिले ५२, द्यायला हवे होते, दिले, फरक. बदली सुट्ट्यांची दुसरी यादी. उत्तरासाठी तारीख दे, दोन आठवडे पुरे. आणि पत्रात आरोप नको, 'तुम्ही लुबाडलंत' नको. 'रजेचा पगार काढताना सरासरी साप्ताहिक कमाईशी तुलना झालेली दिसत नाही' एवढंच लिही. पेरोलवाल्याला हे वाक्य वाचलं की कळतं, समोरच्याला माहिती आहे.

त्यांना शरम वाटायचं कारण नाही हेही सांगते. २०१६ च्या आसपास न्यूझीलंड पोलिसांच्या पेरोलमध्ये हाच घोळ सापडला. आणि हा कायदा राबवणारं जे मंत्रालय, एमबीआयई, त्याच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना कमी पैसे दिलेले निघाले. कुंपणानेच शेत खाल्लं. सरकारी रुग्णालयांची थकबाकी तर कित्येक वर्षं मोजत बसले होते.

युनियनमध्ये आहेस का? तुमच्या क्षेत्रात इ तू ही युनियन आहे. सभासद असशील तर प्रतिनिधीला सीसी कर.

पारिजातक | १८ ऑगस्ट, सकाळी १०.००

युनियनमध्ये नाही. आठवड्याचे पैसे वाचवायला घेतली नव्हती सदस्यता. आता वाटतंय घ्यावी.

तवा_आणि_मी | १८ ऑगस्ट, दुपारी १२.२०

अवांतर: रेस्ट होमवाल्यांच्या पगाराचा मोठा खटला झाला होता ना इथे? आमच्या इथे एक बाई जेवायला येतात, त्या सांगत होत्या.

हिशोबनीस | १८ ऑगस्ट, रात्री ८.१०

हो. क्रिस्टीन बार्टलेट, स्वतः केअरगिव्हर. बायकांचं काम म्हणून पगार कमी, असा दावा तिने २०१२ मध्ये युनियनबरोबर लावला. २०१७ मध्ये सरकारने समझोता केला, २ अब्ज डॉलरचा, सुमारे ५५,००० कामगारांसाठी. पारिजातक, तुझा आजचा दर तिथून आलाय.

पारिजातक | १२ सप्टेंबर, रात्री ११.१५

उशिरा येतेय, क्षमस्व. मधे मुलाला ताप होता.

नोंदींचं ईमेल १९ ऑगस्टला पाठवलं. मॅनेजरचा दुसऱ्या दिवशी फोन, "ऑल ओके?" मी म्हटलं हो, फक्त माझ्या माहितीसाठी. आवाज थरथरत होता माझा, खोटं कशाला बोलू. नोंदी ९ दिवसांनी आल्या, एकाच फाइलमध्ये, ४१ पानं.

आणि त्यात माझीच एक चूक सापडली. मातारिकी २०२४, २८ जून. डायरीत मी 'ड्यूटी' लिहिलेलं, पण त्यावर खाडाखोड होती. नोंदीत दिसतं की मी ती पाळी एका फिलिपिनो मुलीशी बदलून रविवारी केली होती. मग आठवलं, तिला तेव्हा दीडपट हवं होतं आणि मला मुलाच्या वाढदिवसाची तयारी करायची होती. ती एक वजा केली. राहिल्या पाच. बरं झालं आधी नोंदी मागितल्या.

तक्ता २ सप्टेंबरला पाठवला. आज बोलावलं होतं, मॅनेजर आणि हेड ऑफिसची पेरोलची बाई. पेरोलची बाई पहिल्या दोन मिनिटांत म्हणाली की सरासरीचा हिशोब त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करून ठेवलेला होता, २६ डिसेंबर आणि २ जानेवारी पण त्यांचंच चुकलं. मी नुसती बघत राहिले. भांडायची तयारी करून गेले होते, नवऱ्याने घरी दोनदा सराव करून घेतला होता.

अडलं ते बदली सुट्ट्यांवर. मॅनेजर म्हणाला, वर्ष उलटून गेलेल्या 'लॅप्स' झाल्या. आणि एक कागद पुढे केला, त्यावर लिहिलंय की १६६०.३३ डॉलर मिळाले की माझं कोणतंही देणं उरलं नाही, 'फुल अँड फायनल'. मी म्हटलं घरी वाचून सांगते. सही केली नाही.

हिशोबनीस | १३ सप्टेंबर, सकाळी ७.००

शाब्बास. सही न करता उठलीस हेच मोठं काम.

बदली सुट्टी लॅप्स होत नाही. १२ महिने उलटले आणि घेतली नसेल तर तू मागितलीस तर दोघांच्या संमतीने रोख करता येते, एवढंच. नोकरी सोडताना उरलेल्या सगळ्या पगारात द्याव्या लागतात. आणि हॉलिडेज ॲक्टचे किमान हक्क कुठल्याही कागदावर सही करून सोडता येत नाहीत, कलम ६.

सोमवारी एवढंच लिही: रकमेबद्दल आभार, पाच बदली सुट्ट्या नोंदीत दिसत आहेत, त्या जमा कराव्यात, आणि सोबतच्या कागदावर सही करणार नाही कारण त्याची गरज नाही. मतभेद राहिला तर मंत्रालयाच्या मोफत मध्यस्थीला जायची माझी तयारी आहे. 'मीडिएशन' हा शब्द आला की हेड ऑफिस जागं होतं. तिथेही नाही जमलं तर लेबर इन्स्पेक्टरेट किंवा एम्प्लॉयमेंट रिलेशन्स ऑथॉरिटी आहे, पण तुझं तिथवर जायचं नाही.

वाचक_मात्र | १३ सप्टेंबर, सकाळी ९.३०

वाचनखूण साठवली. मेलबर्नला आहे, आमचे नियम वेगळे, पण पत्राची पद्धत उचलतो.

पारिजातक | ३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

पैसे आले!

१६६०.३३ सुट्ट्यांचा फरक. पाचही बदली सुट्ट्या मान्य. २०२४ च्या दोन मी रोख मागितल्या, २०८ प्रमाणे ४१६. एकूण २०७६.३३, त्यातून कर कापला. तीन खात्यावर चढल्या, आधीची एक धरून चार. १६ तास रजाही परत आली. कागदावर सही मागितलीच नाही पुन्हा.

कर जरा जास्त कापला गेल्यासारखा वाटतोय?

हिशोबनीस | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

एकरकमी रकमेवर जास्त दराने कापतात. ३१ मार्चनंतर वर्षाचा हिशोब होतो तेव्हा जास्त कापलं गेलं असेल तर परत येईल.

एक सांगून ठेवते. सरकारने गेल्या महिन्यात जाहीर केलंय की हा २००३ चा कायदा जाऊन नवा येणार आणि रजा तासांत मोजणार. ज्यांचा जुना फरक राहिलाय त्यांनी त्या बातम्या वाचून 'आता काही मिळणार नाही' म्हणू नका. आजवरच्या रजांचा हिशोब आजच्या कायद्यानेच होतो.

चिंचवडचे_काका | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

वा पोरी! बाकीच्या बायकांचं काय? त्यांच्याही २४ चे ३५ होत असतील ना?

पारिजातक | ४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

काका, तेच. पेरोलच्या बाईंनी सांगितलं की सगळ्यांचा तपासतोय, डिसेंबरपर्यंत करू. आमच्या पाळीत अकरा जणी आहेत. त्या सामोअन बाईंना मी माझा तक्ता दिलाय, त्या २०१९ पासून आहेत. आज चहाच्या सुट्टीत स्लिपांचा गठ्ठा घेऊन आल्या, पावाच्या जुन्या पिशवीत भरून. २०२१ पर्यंत बेरीज झाली, मग बेल वाजली आणि बारा नंबरच्या आजींना बाथरूमला न्यायला उठावं लागलं.

तवा_आणि_मी | ५ ऑक्टोबर, रात्री ११.४०

मालकाशी बोललो आज. कलम २८ चा कागद छापून नेला होता. त्याने वाचला, त्याच्या अकाउंटंटला माझ्यासमोरच फोन लावला. फोन स्पीकरवर होता. अकाउंटंट म्हणाला, "मी तुला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

दिवाळीला चार आठवडे नाशिकला जातोय. भरपगारी. उरलेल्या चारचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

हिशोबनीस | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

ते 'पुढच्या वर्षी' लेखी घे.